रूपाहेड्याची अकरा शून्यं

निशिगंधाने लाकडी पट्टी तक्त्याच्या सतराव्या ओळीखाली धरली, हिरव्या पेनाचं टोपण काढलं आणि तसंच हातात ठेवलं. ओळीत अकरा शून्यं होती. दहाव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंत, मध्ये खंड नाही. वरच्या ओळीत आकडे होते, खालच्या ओळीतही होते. पुरळासह तापाचा एकही रुग्ण न दाखवणारी ही मधली ओळ एकटीच होती. डाव्या कडेला गावाचं नाव होतं: उपकेंद्र रूपाहेडा, तालुका चाकसू.

तिने पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. शून्यं तेवढीच राहिली.

समोरच्या टेबलावर पवन पानं लावत होता. त्रैमासिकाचा मार्चचा अंक शुक्रवारी सकाळी छापखान्यात जायचा होता आणि आज मंगळवार होता. संसर्गजन्य रोगांची पाहणी आणि नियंत्रण यांना वाहिलेलं ते इंग्रजी त्रैमासिक जयपूरच्या झालाना भागातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून एकोणीस वर्षं निघत होतं. खप आठशेचा, पण त्यात छापलेला तक्ता सरकारी बैठकांमध्ये पुरावा म्हणून पुढे ठेवला जाई. आकडे तपासण्याचं काम गेली आठ वर्षं निशिगंधाकडे होतं. तिला काही खटकलं की ती शंका-चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर चार रकाने होते: पान, ओळ, शंका आणि चूक कोणाची. चौथा रकाना तिनेच वाढवलेला. नाव घातल्याशिवाय दुरुस्ती छापायची नाही, असा तिचा नियम होता आणि लेखकमंडळी तिला त्यासाठी वचकून असत.

"सत्रह पे अटक गईं, बरं मैडम?" पवनने मान वर न करता विचारलं. फोनवर प्रत्येक वाक्यानंतर ती "बरं" म्हणते, म्हणून ऑफिसात तिचं हेच नाव पडलं होतं.

ती हसली नाही. लेख उचलून ती डॉक्टर भार्गवांच्या खोलीत गेली.

भार्गव मुख्य संपादक होते, वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले. हा लेख त्यांना फार आवडला होता. दोन तरुण डॉक्टरांनी चाकसू तालुक्यातल्या सव्वीस उपकेंद्रांचे जुने साप्ताहिक अहवाल गोळा करून लिहिलेला. बारा वर्षांपूर्वी तालुक्यात गोवराची साथ फिरली, तेव्हा आजूबाजूची गावं आजारी पडली आणि रूपाहेडा व त्याच्या चार वाड्या कोरड्या राहिल्या, असं त्यात आकड्यांनी दाखवलं होतं. अशा गावांत रोगाला नैसर्गिक अटकाव दिसतो, तेव्हा तिथली फिरती लसीकरण सत्रं कमी करून ती दुसरीकडे वळवावीत, हे लेखाचं शेवटचं वाक्य. पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याची नियोजनाची बैठक होती आणि तिथल्या लोकांनी लेखाची आगाऊ प्रत मागितली होती.

निशिगंधा म्हणाली की सतराव्या ओळीची मूळ नोंदवही पाहिल्याशिवाय तिला सही करता येणार नाही. भार्गवांनी चष्मा काढला. लेख दोन तज्ज्ञांकडून तपासून आला आहे, शून्यं सरकारी नोंदीतून जशीच्या तशी घेतली आहेत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग हसून म्हणाले,

"शून्य भी तो आँकड़ा है, निशिगंधाजी. आप ही तो सिखाती हैं."

ते खरं होतं. नव्या लेखकांना ती पहिल्याच पत्रात हे समजावून सांगायची. शून्य म्हणजे कोणीतरी घरोघर जाऊन पाहिलं आणि काही सापडलं नाही. रिकामा रकाना म्हणजे कोणी पाहिलं की नाही, तेच आपल्याला माहीत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

"परवा सकाळपर्यंत थांबा," ती म्हणाली.

"गुरुवार दोपहर. उसके बाद आपकी सही हो न हो, पन्ना जाएगा."

"बरं," ती म्हणाली.

जागेवर येऊन तिने शंका-चिठ्ठी घेतली. पान अठ्ठेचाळीस. ओळ सतरा. शंका: शून्य की रिकामं? चौथ्या रकान्यावर पेन टेकलं तेव्हा तिथे हिरवा ठिपका उमटला. तिने चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

ती शून्यं कोणी भरली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनेच.

शास्त्रीनगरातल्या घराचं दार उघडं होतं. शेजारच्या शर्मा भाभी दुसऱ्या दिवशीच्या बासोड्याचं सांगायला आल्या होत्या. उद्या शीतलामातेची अष्टमी. चूल पेटवायची नाही, आज रांधलेलं उद्या थंडच खायचं. मिरजेला सासूबाई, रमाताई, हीच शितळा श्रावणात करायच्या, सप्तमीला. इथे ती फाल्गुन वद्यात येते, आणि इथले लोक त्याला चैत्र म्हणतात. लग्नानंतर विमा कंपनीतल्या उमाकांतबरोबर जयपूरला आल्यावर पहिलं वर्षभर निशिगंधाचा या हिशेबात गोंधळ उडायचा.

"आई, मतलब उद्या गॅस पेटवायचाच नाही?" प्रज्ञाने विचारलं. ती सहावीत होती. "मॅगी पण नाही?"

"मॅगी पण नाही."

"हे तर फाऊल आहे."

उमाकांतला तिने जेवताना सांगितलं. सगळं नाही. तेव्हाच्या नोकरीत, जिल्हा आरोग्य कार्यालयातल्या त्या पहिल्या वर्षी, उपकेंद्रांचे साप्ताहिक फॉर्म संगणकात भरायचं काम तिच्याकडे होतं. संगणक रिकामा रकाना घेत नसे. वरचे साहेब म्हणत, खाली मत छोड़ो, निल डाल दो, सोमवारी बदलता येईल. शनिवारी दुपारी ती सगळ्या रिकाम्या रकान्यांत शून्य घालायची आणि सोमवारी बाराच्या आत त्या त्या नर्सबाईंना फोन लावून विचारायची. भरलेलं बदलायचं तर साहेबांचा पासवर्ड मागावा लागे. रूपाहेड्याचा फॉर्म अकरा आठवडे कोरा आला. तिथला फोन नुसता वाजत राहायचा.

"साहेबांनीच सांगितलं होतं ना?" उमाकांतने विचारलं.

"हो."

"मग? तू कशाला जातेस उन्हातान्हाची? त्या लेखकांना पाठव."

"बघते."

"रिकामं असेल गं. रिकामं असेल तर रिकामं लिही. एवढंच ना?"

एवढंच होतं. ती स्वतःलाही संध्याकाळपासून तेच सांगत होती. मूळ वही कोरी निघाली तर अकरा शून्यांच्या जागी अकरा आडव्या रेघा येतील, माहिती उपलब्ध नाही अशी तळटीप जाईल, लेखाचं शेवटचं वाक्य गळून पडेल आणि सत्रं जिथल्या तिथे राहतील. चूक कोणाची, या रकान्यात संगणक-प्रणाली असं लिहिता येईल. ते खोटंही नव्हतं.

भांडी आवरून ती कपाटाशी गेली. खालच्या कप्प्यात एक चौकट उलटी ठेवलेली होती. शंभर टक्के अहवाल दिल्याबद्दल त्या वर्षी जिल्ह्याला मिळालेलं प्रशस्तिपत्र, त्यावर तिचं नाव. झालान्यातली नोकरी त्याच कागदावर मिळाली होती. तिने चौकट सरळ केली नाही. प्रज्ञाचे लोकरी कपडे तिच्यावर रचले आणि कप्पा बंद केला.

सोमवारी पावणेबारा वाजले की तिच्या हातातलं काम थांबत असे. बारा वर्षं हे चाललं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सोमवारी सकाळी ती स्वतःच्या फोनचा आवाज बंदच ठेवायची. कानात वाजायचा तो दुसराच फोन, पलीकडे, लांब, कोणी न उचललेला. त्या वसंतात प्रज्ञा पोटात होती, सहावा महिना. रमाताईंनी मिरजेहून बजावलं होतं की पोटुशी बाईने गोवर-कांजिण्यांचं नावही काढू नये, आणि संख्याशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या निशिगंधाने त्यावर हसून "बरं" म्हटलं होतं.

बुधवारी टोंक रोडच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. बायका डोक्यावर झाकलेल्या परड्या सांभाळत होत्या. परड्यांत शिळे गोड पुए, ताकात शिजवलेल्या बाजरीच्या राबडीची मडकी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली हळद. सगळा लोंढा चाकसूला शीलच्या डोंगरीवर मातेच्या जत्रेला निघाला होता. निशिगंधा चाकसूला उतरली, गर्दीच्या उलट दिशेला चालत गेली आणि एक रिक्षा ठरवली. रूपाहेडा नऊ किलोमीटर होतं. गहू कापणीला आला होता. रिक्षावाला म्हणाला, आज तिथे कोणी भेटणार नाही, सगळे मातेकडे. मग म्हणाला, नर्स बहनजी असतील. त्या मातेला जात नाहीत.

का, हे तिने विचारलं नाही.

किस्तूरी बहनजी घरीच होत्या. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या, जाड काचांचा चष्मा. गावाच्या कडेला दोन खोल्या, पुढे कडुलिंब, एका अंगाने गच्चीवर जाणारा कठडा नसलेला दगडी जिना. त्रैमासिकातून आले आहे, जुन्या आकड्यांची खात्री करायची आहे, एवढंच निशिगंधाने सांगितलं. आपण पूर्वी कुठे होतो ते सांगितलं नाही. बारा वर्षांत तिची हिंदी इथल्यासारखी झाली होती. बोलताना ती शब्द मोजून बोलत होती.

बहनजींनी आधी राबडी दिली. थंड, जाडसर, वर जिरं. आज चूल नाही, तेव्हा चहा मिळायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मग कोणतं साल, ते विचारलं. निशिगंधाने साल सांगितलं. बहनजींचा पदराशी चाळा करणारा हात थांबला.

"बारह साल लगे आपको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. घड्याळ बघून वेळ सांगावी, तसं म्हणाल्या.

उपकेंद्राची नवी इमारत झाली तेव्हा जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. त्यांनी त्या उचलून घरी आणल्या होत्या. आतून पत्र्याची पेटी ओढत आणली, तिच्यातून कापडात बांधलेली एक लांबट नोंदवही काढली आणि खाटेवर, दोघींच्या मध्ये ठेवली. उघडली मात्र नाही. आधी सांगू लागल्या.

त्या वर्षी होळीनंतर वाड्यांमध्ये माता आली. गोवरच तो, त्यांनाही कळत होतं. पण घरात माता असताना तिचं नाव सरकारी कागदावर शाईने चढवायचं नाही, असा इथला कडक रिवाज. मूल बरं होऊन त्याला लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, मातेला थंडाई वाहिली, की मग लिहा हवं ते. आधी लिहिलं तर माता रुसते आणि जायचं नाव घेत नाही. पहिल्याच घरी त्यांनी फॉर्म काढला, तर म्हाताऱ्या सासूने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं होतं. पुन्हा पेन दिसलं तर कोणी त्यांना उंबऱ्याच्या आत घेणार नव्हतं, आणि आत शिरल्याशिवाय औषध देता येत नव्हतं. म्हणून त्यांनी शपथ घेतली. मूल न्हाऊन निघेपर्यंत लिहिणार नाही. शनिवारी फॉर्म कोरा पाठवत राहिल्या.

निशिगंधाने राबडीचा पहिला घोट घेतला. कोरा. उमाकांत म्हणाला होता तसंच.

"मतलब उन हफ्तों की कोई गिनती नहीं है," ती म्हणाली. वाक्याच्या शेवटी प्रश्न असायला हवा होता, तो तिने ठेवला नाही.

"गिनती क्यों नहीं है?" बहनजींनी चष्म्यावरून पाहिलं. "लिखना मना था. बोलना थोड़े ही मना था."

त्यांनी वही उघडली.

डाव्या बाजूला नावं होती, आईचं, बापाचं, मुलाचं, वय महिन्यांत. प्रत्येकापुढे न्हाऊ घातल्याची तारीख. नावं त्या त्या तारखेला लिहिलेली, त्यामुळे कुठे शाई निळी, कुठे काळी. उजव्या समासात मात्र एकाच पेनाने, सगळं संपल्यावर एका बैठकीत लिहिलेल्या, वरपासून खालपर्यंत अकरा ओळी होत्या. निशिगंधाने बोट ठेवून वाचल्या. सोमवार, पौने बारह, जयपुर को फोन पर बताया: १. सोमवार, पौने बारह, जयपुर को फोन पर बताया: ४. त्याखाली ७. त्याखाली ११.

तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग राबडीची वाटी खाली ठेवली.

"फोन लगता था?" तिने विचारलं.

लागायचा, बहनजी म्हणाल्या. खाली टॉवर येत नसे. म्हणून सोमवारी फोन खिडकीत ठेवायचा आणि वाजला की घेऊन गच्चीवर पळायचं. त्यांनी हनुवटीने जिना दाखवला. तेव्हाही गुडघे असेच होते. चढेपर्यंत वाजत राहायचा, कधी कट व्हायचा. पण जयपूरची ती मुलगी चांगली होती, परत लावायची.

निशिगंधाने जिन्याकडे पाहिलं. अठरा पायऱ्या होत्या. तिने मोजल्या. बारा वर्षं ती जो फोन वाजताना ऐकत आली होती, तो या पायऱ्यांवरून वर चढत होता.

त्या मुलीचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, बहनजी सांगत होत्या. बाहेरगावची असावी, हिंदी वेगळीच बोलायची. एकदा तिला फोनवर धापा टाकताना ऐकलं म्हणून त्यांनी विचारलं, तर सहावा महिना होता. तेव्हा त्यांनीच तिला सांगितलं होतं, बेटी, तू इकडे येऊ नकोस, पोटात बाळ आहे, तू फक्त टीम पाठव. पाचाच्या वर आकडा गेला की जयपूरहून टीम यायची असते, रक्त तपासतात, राहिलेल्या मुलांना सुई देतात, हे त्यांना ठाऊक होतं. सातचा आकडा सांगितला त्या सोमवारपासून त्या रोज सडकेपर्यंत जाऊन बघायच्या.

"टीम नहीं आई," त्या म्हणाल्या. "ऊपर किसी ने दबा दिया होगा. लड़की ने तो लिखा था."

"आपको कैसे पता?"

"अरे, वो हर बात के पीछे एक शब्द बोलती थी. 'बरं'. मैं बोली चार, वो बोली बरं. मैं बोली ग्यारह, वो बोली बरं. पता नहीं कौन सी बोली थी. पर मैं समझ जाती थी कि लिख लिया."

कडुलिंबाखाली बांधलेली शेळी उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. निशिगंधाने खाली पाहिलं. तिचा उजवा हात ओटीपोटावर होता. कधी ठेवला, ते तिला कळलं नव्हतं. तेव्हाही तो असाच असायचा. डाव्या हातात फोन, उजवा हात पोटावर. लिहायचं तर तो हात काढावा लागला असता. आकडा तिने दर सोमवारी ऐकला होता, लिहिला एकदाही नव्हता.

वहीच्या डाव्या बाजूला चार नावांपुढे तारीख नव्हती. तिथे हळदीचा एकेक ठिपका होता, बोटाने टेकवलेला, कागदात मुरून तपकिरी झालेला. त्यातल्या एका मुलाचं नावही नव्हतं, नुसतं "बिना नाम, ५ महीने." निशिगंधाची नजर तिथे थांबलेली बहनजींनी पाहिली.

"इनको नहलाया नहीं," त्या म्हणाल्या. "इनको माता साथ ले गई."

मग त्यांनीच विचारलं की आता हे आकडे कुठे छापणार आहेत का. निशिगंधाने सांगितलं, छापायचे आहेत. सध्या तिथे शून्य आहे. आणि शून्य छापून आलं तर गावात सुई देणाऱ्यांच्या फेऱ्या कमी होतील. हे सांगताना तिने बहनजींकडे पाहिलं नाही, वहीकडे पाहिलं.

"ज़ीरो?" बहनजी म्हणाल्या. "किसने लिखा ज़ीरो?"

उत्तर द्यायला निशिगंधाने तोंड उघडलं. मग पर्स उघडली. शंका-चिठ्ठी काढली, मागची बाजू वर केली, हिरव्या पेनाचं टोपण काढलं.

"आप बोलिए," ती म्हणाली. "मैं लिखती हूँ."

बहनजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा पुसला, वही गुडघ्यांवर घेतली आणि समासावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. आवाज उंच झाला होता, वाऱ्यावरून लांब पोचवायचा असावा तसा.

"दसवाँ हफ्ता, एक."

निशिगंधाने लिहिलं.

"ग्यारहवाँ, चार."

लिहिलं. सात. अकरा. नऊ. प्रत्येक आकड्यानंतर बहनजी थांबत होत्या, पेन उचललं जाईपर्यंत. सहा. आठ. पाच. निशिगंधा दात दातांवर ठेवून लिहीत होती. दर आकड्याला तो शब्द जिभेच्या टोकावर येत होता आणि ती तो गिळत होती. तो गिळला तर ही बाई जन्मभर मानत राहील की त्या मुलीने लिहिलं होतं आणि वर कोणीतरी दाबलं. वही सापडली, आकडे सुधारले, चूक जुन्या प्रणालीची. लेख दुरुस्त होईल, फेऱ्या चालू राहतील. कोणाचं काही बिघडणार नाही. भार्गव कौतुकही करतील.

"अठारहवाँ, तीन. उन्नीसवाँ, दो." बहनजींचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. "बीसवाँ हफ्ता, एक."

निशिगंधाने एक लिहिला. त्याखाली रेघ मारली, बेरीज केली. सत्तावन्न. पेन खाली ठेवलं.

"बरं," ती म्हणाली.

बहनजींचं बोट तिथेच राहिलं. शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती थांबली. लांबून, चाकसूच्या बाजूने, जत्रेच्या भोंग्याचा आवाज येत होता आणि विरत होता. बहनजींनी मान वर केली आणि निशिगंधाचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत, वहीतली ओळ वाचावी तसा वाचला. निशिगंधाने मान खाली घातली नाही.



"लड़का हुआ था कि लड़की?" बहनजींनी विचारलं.

"लड़की."

"ठीक है?"

"ठीक है. छठी में है."

बहनजींनी मान हलवली. एकदाच. मग त्यांनी गुडघ्यांवरची नोंदवही उचलली, खाटेवर ठेवली आणि अक्षरं निशिगंधाला सरळ दिसतील अशी फिरवली.

"तो अब नाम लिखो," त्या म्हणाल्या. "उस टाइम नाम लिखना मना था. अब मना नहीं है."

निशिगंधाने चिठ्ठी उलटून पुढची बाजू वर केली. पान अठ्ठेचाळीस, ओळ सतरा. चौथ्या रकान्यात कालचा हिरवा ठिपका होता. तिथून सुरुवात करून तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, तेव्हाच्या हुद्द्यासकट. रकाना लहान होता, नाव बाहेर आलं.

मग तिने पर्समधून कोरे कागद काढले, मांडीवर नीट जुळवले आणि पहिल्या मुलाचं नाव विचारलं.